अकलोलीच्या कुंडात जर्मन बाहुली

अख्ख्या भिवंडीत जुन्या जर्मन बाहुल्यांची जाणकार एकच, आणि ती म्हणजे मी! इयत्ता नववी ब. शाळेच्या छंद-प्रदर्शनात पहिला नंबर माझाच ठरलेला. समोर होतं कोण? गोदू, पोस्टाची तिकिटं घेऊन! तिकिटं काय, पाकिटं भिजवली की कुणीही गोळा करतं!

माझ्या संग्रहात बाहुली एकच, पण भंगारवाल्या चाचांच्या गोणीतून मी स्वतः हुडकलेली! मानेमागे ‘जर्मनी’ कोरलेलं. चिनी माती, पण चकाकी न दिलेली, म्हणून गाल थेट माणसासारखे. हे सगळं मी वाचनालयातल्या मासिकात वाचलं होतं. म्हणजे, लेखाचं पहिलं पान वाचलं होतं.

अकलोलीहून ठकुमावशी आली, ती मला बाहुली आडवी करताना बघून दारातच थबकली.

“पोरी, हिला बाधा हाय! आडवी केली का डोळं मिटते!”

“मावशी, डोळ्यांमागे शिशाचं वजन असतं.”

“पोरीनं शिसं गिळलंय आन् तू दात काढतेस? चल, आमच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्हाऊ घालू तिला!”

अडाणीपणाची कमाल! पण बाहुली मळकट होती खरी, आणि गंधकाचं पाणी जंतू मारतं, हे मला ठाऊक होतं. शिवाय चिनी मातीच्या बश्या आपण रोज धुतोच की! मावशी बाधेसाठी, मी विज्ञानासाठी, अशा दोघी एकाच एसटीत बसलो.

गरम कुंडात बाहुली केसांसकट बुडवली. आधी केसांचा टोप सुटला आणि पोहत पोहत एका आजीबाईंच्या पाठीला चिकटला.

“उंदीर! उंदीर!”

क्षणात अख्खं कुंड रिकामं! तेवढ्यात बाहुलीचे हात मला पिठल्यासारखे लागायला लागले. पाय फुगले, पोट सुटलं, आणि बघता बघता सगळा लगदा पाण्यात पसरला. माझ्या हातात उरलं नुसतं टकलं डोकं, डोळे मिचकावणारं!

“बघ,” मावशी समाधानानं म्हणाली, “बाधा उतरली!”

“अगं, अंगच उतरलं तिचं!”

लेखाचं दुसरं पान मग वाचलं. डोकं तेवढं मातीचं, बाकी कागदाचा लगदा आणि सरस. इतकी महत्त्वाची गोष्ट कुणी दुसऱ्या पानावर छापतं का?

प्रदर्शनात डोकं मखमलीवर ठेवलं. पहिला नंबर तिकिटांना! चित्रकलेचे सर माझ्यापाशी आले, डोकं उलटसुलट करून पाहिलं आणि प्रमाणपत्र पुढे केलं: ‘मातीकाम, उत्तेजनार्थ.’

“छान बनवलंयस हं! पुढच्या वेळी नाक जरा मोठं कर.”

मी प्रमाणपत्र घेतलं.

“प्रयत्न करते, सर.”