सरांचं पेशंट

एका जंगलात, मुलांनो, एक सरकारी दवाखाना होता. दचकू नका, खरंच होता. आणि तिथे डॉक्टरही होते.

दवाखाना सिंहमहाराजांनी बांधला होता. म्हणजे बांधला माकडांनी, महाराजांनी फीत कापली. करंजाच्या दाट सावलीत ऐसपैस जागा, गवताच्या खाटा, आणि दारावर पाटी : 'सर्व प्राण्यांसाठी मोफत बाळंतपण.' सशांपासून गव्यांपर्यंत सगळ्यांच्या लेकीसुना तिथे येत.

मोठे डॉक्टर होते बगळेसर. पांढरेशुभ्र, उंच मानेचे. पेशंट बघताना ते एका पायावर उभे राहत. दुसरा पाय निघायच्या तयारीत असे.

आणि होत्या घोरपडे सिस्टर. त्यांची पकड घट्ट होती आणि जीभ तिखट. "गळा कसला काढतेस? जोर लाव की!" असं त्या गव्याच्या सुनेलासुद्धा सुनावायच्या. पण त्यांच्या हाताखाली बाळं मात्र धडधाकट निघत.

एकदा बगळेसर महाराजांकडे गेले आणि मान लांब करून म्हणाले, "महाराज, शेजारच्या जंगलात बगळ्यांना फार मान आहे म्हणतात."

महाराज घाबरले. सिंह असले तरी शेवटी राजेच ते. डॉक्टर उडून गेला तर पुढची फीत कुणाच्या हजेरीत कापायची? त्यांनी लगेच फर्मान काढलं, आणि दवाखान्याच्या मधोमध वेलींचा एक हिरवा पडदा लागला. पडद्याच्या अलीकडे सर्वसाधारण. पलीकडे खास.

पलीकडे काय होतं म्हणाल, तर तेच गवत, तोच वारा, त्याच माठातलं पाणी. उशाशी रानफुलं होती. वाजवायला एक घंटी होती. आणि भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. बाळ नेमकं कोणत्या प्राण्याचं ते चित्रकारालाही माहीत नव्हतं, पण गुटगुटीत होतं खरं.

शिवाय एक न दिसणारी गोष्ट होती. अलीकडची आई नुसतीच आई असे. पलीकडे गेली की ती 'सरांचं पेशंट' होई. सरांच्या पेशंटला सरांशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा तिथला शिरस्ता पडला. घोरपडे सिस्टरांनी एकदा लावला होता. त्यांची तडकाफडकी जळवांच्या विभागात बदली झाली. परत आल्यापासून त्या पडद्याकडे पाठ करूनच बसत.

त्याच जंगलात शेवंती नावाची एक भेकरीण राहत होती. तिला दिवस गेले होते, आणि ती भीत होती. तिचं पहिलं पाडस जगलं नव्हतं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "भेकरांच्या घरात कोणी दवाखान्यात बाळंत होत नसतं." म्हणून ती करवंदीच्या जाळीत बाळंत झाली आणि पाडस गेलं. मग सासूबाईंनीच जंगलभर सांगितलं, की पोरगी हट्टी, वेळेवर दवाखान्यात जाईल तर शपथ.

या खेपेला सासूबाई म्हणाल्या, "जायचंच तर खासमध्ये. डुकरिणींच्या रांगेत माझी सून झोपायची नाही."

नवरा म्हणाला, "आई म्हणते तर बरोबरच असेल." त्याच्या तोंडून एवढंच वाक्य निघत असे, त्यामुळे ते त्याला छान जमत असे.

शेवंतीलाही खास आवडलं, हे कबूल करायला हवं. पलीकडे बगळेसर चक्क बसत. "काय शेवंतीबाई, काय म्हणतंय आपलं पाडस?" असं नावानिशी विचारत. पहिलं पाडस गेल्यापासून तिला इतक्या मायेने कोणी काही विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सर, ऐनवेळी तुम्ही असाल ना?" तिने विचारलं.

"अहो, तुम्ही माझं पेशंट," सर म्हणाले. "मी नाही तर कोण?"

मुलांनो, हा प्रश्न नीट ऐकून ठेवा. शेवंतीला वाटलं, हे उत्तर आहे.

एके सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सासूबाई वाजतगाजत तिला पडद्यापलीकडे घेऊन गेल्या. शेवंतीने घंटी वाजवली. पडद्याआडून सिस्टरांचा आवाज आला, "सरांना निरोप धाडलाय. सर निघालेत."

सर खरंच निघाले होते. जंगलाबाहेरच्या तळ्यावर 'सुरक्षित बाळंतपण' या विषयावर परिषद होती, तिकडे निघाले होते. भाषण त्यांचंच होतं, आणि भाषणानंतर माशांचं जेवण होतं.

ऊन चढलं. कळा वाढल्या. अलीकडे एक रानडुकरीण आली, ओरडली, सिस्टरांच्या शिव्या खाल्ल्या, ओळीने पिल्लं झाली आणि ती त्यांना चाटतही बसली. शेवंतीला पडद्याच्या फटीतून सगळं दिसत होतं. सिस्टर तिच्यापासून एका उडीवर होत्या.

"सिस्टर, पाय बाहेर आलाय हो. एकच आलाय. पुढे काही सरकत नाही."

सिस्टर जागच्या जागी चुळबुळल्या. पण वळल्या नाहीत. "सरांचं पेशंट आहेस बाई तू. मी हात लावत नाही. सर निघालेत."

सासूबाई म्हणाल्या, "जरा दम धर. एवढे मोठे डॉक्टर, त्यांना काय तू एकटीच आहेस?"

शेवंतीने भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाकडे पाहिलं. तिला करवंदीची जाळी आठवली. पोटातलं हलणं मंद होत चाललं होतं, आणि ते कसं मंद होतं आणि मग कसं थांबतं, हे या दवाखान्यात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई पाणी प्यायला वळल्या तशी ती खाटेवरून खाली घसरली, पडद्याखाली डोकं घातलं आणि फरपटत अलीकडे आली. रिकाम्या खाटेवर जाऊन कोसळली.

घोरपडे सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की जणू तिला कधी पाहिलंच नव्हतं.

"तू कुणाची पेशंट?"

"कुणाचीच नाही हो," शेवंती म्हणाली. "मी कुणाचीच नाही."

"मग आधी सांगायचं नाही का!" सिस्टर कडाडल्या आणि कामाला लागल्या. दुमडलेला पाय शोधून त्यांनी सरळ केला. त्यांची घट्ट पकड त्या दिवशी पुरती कामी आली. पाडस बाहेर आलं, काळंनिळं. सिस्टरांनी त्याला उलटं धरलं, चोळलं, चार शिव्या हासडल्या. मग ते शिंकलं. शेवंती हंबरडा फोडून रडली, आणि यावेळी सिस्टर तिला काही बोलल्या नाहीत.

गोष्ट इथे संपली असती तर फार बरं झालं असतं. पण घरच्यांच्या अब्रूचा प्रश्न होता.

सासूबाईंनी पाडस तोंडात धरलं, सुनेला पुढे घातलं आणि दोघांना पुन्हा पलीकडे नेऊन झोपवलं. तासाभराने बगळेसर आले. चोचीला खवले चिकटलेले होते. त्यांनी पाडसाच्या डोक्यावरून पंख फिरवला आणि म्हणाले, "बघा! मी म्हटलं नव्हतं, मी आहे म्हणून?"

"तुम्ही होतात म्हणून निभावलं, सर," सासूबाई म्हणाल्या.

बारशाला सारं जंगल लोटलं. ज्याने त्याने शेवंतीला एकच विचारलं, "खासमध्ये झालीस ना? कसं होतं?" समोर सासूबाई बसलेल्या. शेजारी बगळेसर, पाटावर, दोन्ही पाय टेकून. शेवंतीने तोंड उघडलं. काय झालं ते सांगायचं तर पडद्याखालून फरपटत गेल्याचं सांगावं लागलं असतं. डुकरिणीच्या शेजारच्या खाटेवर बाळंत झाल्याचं सांगावं लागलं असतं. भेकरांच्या सुनेनं!

"छान होतं," ती म्हणाली. "सरांनी सगळं नीट केलं."

सगळ्या आया एकदम "अग्गोबाई!" म्हणाल्या. नवरा म्हणाला, "आई म्हणतच होती."

भेकरांच्या सुनेची अडलेली केस सरांनी सोडवली, ही बातमी चार दिशांना गेली. मग कोणाला साधं राहवेना. सशीण खास झाली. मुंगशीण खास झाली. रानडुकरीणसुद्धा नाक वर करून पलीकडे गेली, म्हणाली, मागच्या खेपेला सिस्टर फार बोलल्या. गर्दी झाली तसा पडदा अलीकडे सरकला. पुन्हा गर्दी झाली, पुन्हा सरकला. अखेर सर्वसाधारण विभाग दाराबाहेर उन्हात गेला. उन्हात कोण झोपणार? तेव्हा प्रतिसाद नाही या कारणाने तो बंद करण्यात आला. महाराजांनी पुन्हा फीत कापली, आणि पडदा तेवढा परत मधोमध टांगला. सगळं जंगल खास झालं म्हणून हत्तींनी सलामी दिली.

या गडबडीत शेवंतीच्या पाठच्या बहिणीला, अबोलीला, दिवस गेले. ती शेवंतीच्याच धाकट्या दिराला दिलेली, त्यामुळे दोघी एकाच घरात. पहिलटकरीण होती. भाबडी होती. ताई म्हणेल ते खरं मानायची.

चारचौघांत शेवंती तिला म्हणाली, "सर आहेत, काळजी नको." एकांतात मात्र कानाशी लागली : "अडलीस तर पडद्याखालून पलीकडे सिस्टरांकडे जायचं. कुणाची पेशंट विचारलं तर कुणाचीच नाही म्हणायचं."

"पण ताई, तू तर म्हणालीस की सरांनीच..."

"सांगते तेवढं कर," शेवंती म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली.

अबोलीला कळा लागल्या तेव्हा शेवंती सोबत गेली. बाळंतपणानंतर ती प्रथमच दवाखान्यात पाऊल ठेवत होती. अबोलीने घंटी वाजवली. सर निघाले होते. ऊन चढलं. सर निघालेलेच होते. अबोलीचे डोळे फिरू लागले तशी शेवंतीने तिला खांदा दिला, खाली ओढलं आणि पडद्याखालून पलीकडे ढकललं. मागोमाग स्वतः गेली.

पलीकडेही उशाशी फुलं होती. भिंतीवर गुटगुटीत बाळ होतं. खाटाखाटांवर आया कण्हत होत्या आणि घंट्या वाजवत होत्या. पडद्याची एक बाजू आता खास होती आणि दुसरी अतिखास, एवढाच काय तो फरक. मधोमध घोरपडे सिस्टर हात बांधून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांना काही कामच नव्हतं.

"तू कुणाची पेशंट?" सिस्टरांनी विचारलं.

"कुणाचीच नाही," अबोली म्हणाली. शिकवलं होतं तसंच म्हणाली.

"बाई गं," सिस्टर म्हणाल्या, "आता इथे कुणाचीच नाही असं कुणी येतच नाही. सगळी सरांचीच."

शेवंतीने त्यांचे पाय धरले. "सिस्टर, असं नका करू. तुम्ही माझं केलंत ना? माझं पाडस तुम्हीच काढलंत!"

सिस्टरांनी पाय सोडवून घेतले. "मी? तुझं तर सरांनी केलं. साऱ्या जंगलाला तूच सांगितलंस."

शेवंती अबोलीपाशी बसली. तिला जमेल तसं तिने ओढून पाहिलं, चाटून पाहिलं, नाव घेऊन हाका मारल्या. घंट्या वाजत होत्या. फार उशिराने पाडस आलं. ते शिंकलं नाही.

बगळेसर आले, त्यांच्यामागून सासूबाई आल्या, तेव्हा सगळं शांत होतं. त्यांनी मान खाली घातली, जितकी उंच मान तितकी खाली. म्हणाले, "वाईट वाटतं. आपण सगळे प्रयत्न केले."

"आपण म्हणजे कोण, सर?" शेवंतीने विचारलं.

बगळेसरांनी एक पाय उचलून घेतला.

"हळू बोल," सासूबाई शेवंतीला म्हणाल्या. "सर आहेत."

तात्पर्य : मुलांनो, खास म्हणजे खाजगी सेवा घ्यायची तर ती सरकारी दवाखान्यातच घ्यावी. ऐनवेळी ती हात वर करते, तेव्हा धावत जायला सरकारी खाट जवळ असलेली बरी. मात्र ती खाट जागेवर राहायला हवी, म्हणून बाकीच्यांनी साधंच राहावं. तुम्ही शहाणी मुलं आहात. तुम्ही राहाल ना साधी? आमच्या घरच्यांनी खासमध्ये केव्हाच नंबर लावून ठेवलाय.