चढावरचे तीन प्रयत्न

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंनी पाहिलं तेव्हा ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं हवेत होती आणि त्यांचा नवरा आभाळाकडे तोंड करून स्टिअरिंगला लटकला होता. बाईंच्या हातातलं पातेलं पडलं. ते गडगडायचं थांबलं तोवर चाकं पुन्हा जमिनीला टेकली होती, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. म्हणजे ट्रॅक्टरला काही झालं नव्हतं. बाईंचा निर्णय झाला होता.

नवरा मागच्या दाराने आत आला तसा त्यांनी हात पुढे केला. "चावी."

"अगं, जरासं नाक वर केलं त्याने."

"चावी द्या."

त्याने चावी दिली आणि वळताना दाराला लावलेल्या लोखंडी ठोकळ्यावर पायाचा अंगठा आपटून घेतला. हे तो वर्षभर रोज करत होता, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही.

नवरा घड्याळजी होता. चाळीस वर्षं त्याने एका डोळ्याला भिंग लावून, कमरेत वाकून लोकांची घड्याळं उघडली होती आणि चिमट्याहून जड काही उचललं नव्हतं. लहानशी गोष्ट त्याच्या नजरेतून सुटायची नाही. मोठ्या मात्र हमखास सुटायच्या. दुकान बंद केल्यावर घरामागच्या चढावरच्या साठ फळझाडांसाठी त्याने हा छोटा ट्रॅक्टर घेतला, आणि त्यावर बसल्यावर तो आयुष्यात प्रथमच ताठ बसला. ट्रॅक्टर गेला तर हा माणूस पुन्हा वाकणार, हे बाईंना कळत होतं. म्हणून त्यांनी तो लगेच विकायला न काढता आधी मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिकने ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि मागे नुकत्याच लावलेल्या, खत टाकायच्या अवजारावर थाप मारली.

"मागे एवढं धूड लावलंय, काका. चढावर सगळा भार मागे येतो, मग पुढचं उचलणारच. पुढे ऐंशी किलो तरी पाहिजे. खाली, जमिनीलगत, आणि पक्कं. हा पुढचा रिकामा दांडा दिसतोय ना, तो त्यासाठीच आहे. कंपनीची वजनं मागवली तर पंधरा दिवसांत येतील."

"पंधरा दिवस थांबू की," घड्याळजी म्हणाला.

"तुम्ही थांबणार नाही," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांत चावीशिवाय चालू करायला शिकाल. मी ओळखते तुम्हाला."

घड्याळजीने नजर दुसरीकडे वळवली, कारण चावी फिरवायचं कुलूप त्याने आदल्या संध्याकाळीच भिंगातून पाहून ठेवलं होतं. मेकॅनिकने ट्रॅक्टरच्या पाठीवरून प्रेमाने हात फिरवला. "विकायचाच झाला तर मला सांगा, काकू. माझी जमीन सपाट आहे."

बाईंनी शाळेत तीस वर्षं खेळ शिकवले होते. नोकरी संपली, गळ्यातली शिट्टी राहिली होती. त्यांनी रीतसर निकाल दिला. "गोळाफेकीला तीन प्रयत्न असतात. तुम्हालाही तीन. मी खाली उभी राहीन. चाक उचललं की शिट्टी, आणि शिट्टी म्हणजे फाऊल. तिन्ही फाऊल झाले तर रविवारी हे मेकॅनिक येऊन ट्रॅक्टर घेऊन जातील."

पहिला प्रयत्न वाळूचा होता. घड्याळजीने न्हाणीघरातल्या काट्यावर ग्रॅमपर्यंत मोजून दोन पोती भरली आणि पुढच्या दांड्याला बांधली. ट्रॅक्टर शहाण्यासारखा चढू लागला. घड्याळजीने अभिमानाने मागे वळून पाहिलं, तर त्याच्या मागे वाळूची एक सरळ, सुबक रेघ चढावर येत होती. पोती जमिनीला घासून फाटली होती. रेघ संपली आणि नाक वर झालं. बाईंनी शिट्टी वाजवली.

दुसऱ्या प्रयत्नाला ताईचं शिवणयंत्र गेलं. ताई म्हणजे घड्याळजीची थोरली बहीण. तिचं घरावर बारीक लक्ष असायचं, आणि दार आपटलेलं तर तिला अजिबात खपत नसे. यंत्राचा बिडाचा सांगाडा चांगला जड होता, पण दांड्यावर तो बसेना, म्हणून घड्याळजीने तो बॉनेटवर बांधला.

"माझं यंत्र परत येणार आहे ना?" ताईने विचारलं.

"अर्ध्या तासात."

पुढची चाकं या वेळी उचलली नाहीत. पण प्रत्येक खड्ड्याला यंत्राचं पायडल आपोआप हलू लागलं, चाक फिरू लागलं, आणि ट्रॅक्टर चढावर शिवण घालत निघाल्यासारखा दिसू लागला. झाडाला वळसा घालताना उंचावरचं ते वजन एका अंगाला कललं आणि त्याच्याबरोबर ट्रॅक्टरही कलला, इतका की मागचं एक चाक उचललं. घड्याळजीने कसाबसा सावरला. शिट्टी इतकी लांब वाजली की पलीकडच्या शेतातली माणसं काम सोडून उभी राहिली.

"खाली, जमिनीलगत, असं सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "मला तुम्ही हवे आहात. झाडांना खत नाही मिळालं तरी चालेल."

घड्याळजी त्या रात्री नीट जेवला नाही. हे वाक्य लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर ऐकायला मिळालं होतं आणि तेही हरायच्या बेतात असताना, याचं त्याला वाईट वाटलं.

रविवारी मेकॅनिक टो करायचा दोर घेऊनच आला. तिसरा प्रयत्न गोळ्यांचा होता. शाळेने निरोपाला दिलेले सरावाचे वीस लोखंडी गोळे, प्रत्येकी चार किलो, बाईंच्या पलंगाखाली होते. घड्याळजीने ते ताडपत्रीच्या झोळीत भरले आणि झोळी दांड्याला खाली, घट्ट आवळली. ऐंशी किलो भरले. मेकॅनिकने वाकून पाहिलं आणि मान डोलावली. दोर जरा निराशेने खांद्यावर टाकला.

ट्रॅक्टर अर्धा चढ चढला. मग पाऊण. बाईंनी शिट्टी ओठांतून काढली. तेवढ्यात, चढ संपत आला असताना, झोळीची शिवण उसवली. ती ताईने हाताने घातली होती, कारण तिचं यंत्र अजून अंगणात पडलं होतं.

एकामागून एक गोळे बाहेर पडले. पुढची चाकं चार बोटं उचलली. घड्याळजीने झटकन मागचं अवजार जमिनीवर टेकवलं, ब्रेक दाबला आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. तो सुखरूप होता. गोळे मात्र उताराला लागले होते. बहुतेक झाडांच्या आळ्यांत अडकले, पण एक थेट घराकडे निघाला. मागच्या उघड्या दारात ताई उताराकडे पाठ करून, शेजारी रेडिओ लावून भाजी निवडत बसली होती.

"ताई," घड्याळजी वरून ओरडला. बाई शिट्टी वाजवत धावल्या. मेकॅनिक दोर टाकून धावला. रेडिओवर गाणं चालू होतं आणि ताई पानं मोडत होती. गोळा अंगणातून उड्या घेत दारात शिरला.

टण्ण असा आवाज झाला. मग नुसतं गाणं ऐकू येऊ लागलं.

बाई दारात पोचल्या. गोळा दाराच्या ठोकळ्यावर आपटून ताईच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबला होता. ताईने रेडिओ बारीक केला. "काय झालं? आणि ही शिट्टी घरात कशाला?"

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या ताईशेजारी उंबऱ्यावर बसल्या, तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि चक्क रडल्या. घड्याळजी धापा टाकत आला आणि तोही बसला. कुणालाच काही होऊ नये याहून मोठं त्या घडीला त्याला काही नको होतं, ट्रॅक्टरसुद्धा.

"घेऊन जा तुम्ही," तो मेकॅनिकला म्हणाला. "तिसराही फाऊल गेला."

पण मेकॅनिक ठोकळ्यापाशी उकिडवा बसला होता. त्याने ठोकळा उलटवला, खालच्या खाचेत बोट घातलं, मग उठून पुढच्या दाराशी गेला, कोठीच्या दाराशी गेला, न्हाणीघराशी गेला आणि परत आला. गप्प राहिला असता तर ट्रॅक्टर त्याचा होता. चेहऱ्यावरून तो विचार येऊन गेल्याचंही दिसलं.

"ताई," शेवटी त्याने विचारलं, "हे दारांना कुणी लावले?"

"मी. ट्रॅक्टरबरोबर खोक्यात आले होते. धरायला मूठ, खाली खाच. म्हटलं, माणसं भली आहेत, दारांचाही विचार केलाय. ज्यांनी ट्रॅक्टर उतरवला त्यांच्याकडूनच चार दारांना ठेवून घेतले."

"एकेक वीस किलोचा आहे," मेकॅनिक सुतकी आवाजात म्हणाला. "दांड्याला अडकवायची कंपनीची वजनं ती हीच."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "ट्रॅक्टरबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक वाचताय ना वर्षभर?"

"नीट वाचतोय म्हणून वेळ लागतो. आत्ता चौतिसाव्या पानापर्यंत आलोय." घड्याळजीने आपल्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पण चौथा प्रयत्न नियमात बसत नाही."

"तिसरा मोजलाच कुठे?" बाईंनी डोळे पुसले. "पंच धावत होते. त्यांचं लक्ष नव्हतं."

मेकॅनिकने वजनं स्वतः अडकवली. ट्रॅक्टर चढला, वळला, उतरला. पुढची चाकं जमिनीला अशी धरून होती की बाईंनी दुसऱ्या फेरीला शिट्टी खिशात टाकली आणि तिसरीला आत जाऊन चहा टाकला.

संध्याकाळी वारा सुटला आणि घरातली चारही दारं एकामागून एक आपटली. ताई बाहेर आली. "ट्रॅक्टर रात्री चढावर जातो का?"

"नाही," घड्याळजी म्हणाला.

"मग रात्री ते माझे."

हा निकाल बाईंनी उचलून धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी चावी घेऊन निघाला, तर बाई मागच्या दारात शिट्टी घालून उभ्या होत्या. नवऱ्याने थोडा व्यायाम करावा म्हणून त्या छत्तीस वर्षं सांगत आल्या होत्या. आता त्यांना सांगायची गरज नव्हती.

"कमरेत नाही, गुडघ्यात वाका. पाठ ताठ."

घड्याळजीने मूठ धरली, ठोकळा उचलला आणि ट्रॅक्टरपर्यंत नेला.

"एक झाला," बाई म्हणाल्या. "अजून तीन दारं आहेत. आणि संध्याकाळी परत."