शिस्तीत चुकलेला खडा

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी सकाळी पोस्टमास्तरांना आपल्या बायकोच्या गळ्यातला जांभळा खडा पहिल्यांदा दिसला. तसा तो खडा त्यांनीच एकोणीस वर्षांपूर्वी पैलू पाडून, लॉकेटात बसवून, स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातला होता. पण तेव्हा डोळे चांगले होते तर अक्कल नव्हती, आणि अक्कल येईपर्यंत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आता दुसराही डोळा लखलखीत झाला आणि चहाच्या कपावरून समोर बघतात तो काय, मधला मोठा पैलू एका बाजूला कललेला, त्यावर तीन ओरखडे, आणि खालचं टोक मध्य सोडून भलतीकडेच गेलेलं.

"एवढं काय बघताय?" वहिनींनी विचारलं. मास्तरांची मित्रमंडळी त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

"काही नाही. छान दिसतेस."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात सकाळी साडेसातला हे वाक्य कधी आलं नव्हतं. वहिनींनी उठून डोळ्यांच्या औषधाच्या खोक्यावर दुष्परिणाम लिहिलेत का ते वाचून पाहिलं.

मास्तरांना त्या दिवशी चहा गोड लागला नाही. हा खडा घालून ही बाई चारचौघांत हिंडली. "ह्यांनी केलाय बरं का," म्हणून लोकांना कौतुकाने दाखवत आली. लोक घरी जाऊन काय बोलले असतील? त्यांना रडू येत होतं, पण ऑपरेशननंतर रडलेलं चालतं की नाही हे विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून त्यांनी ते पुढे ढकललं. एवढं मात्र ठरवलं की हा खडा तिच्या नकळत सुधारायचा. दुसरा द्यायचा नाही. हाच, पण गळ्यात घालण्यासारखा.

संधी शुक्रवारी चालून आली. वहिनींचा उजवा खांदा धरला होता आणि शुक्रवारी चार ते सहा त्या तो शेकून घ्यायला जायच्या. शेकताना गळ्यात काही चालत नाही म्हणून लॉकेट काढून बशीत ठेवायच्या. आणि शुक्रवारी चारलाच मास्तरांच्या मागच्या खोलीत मंडळी जमायची.

मंडळी म्हणजे तिघंच. मास्तर, दातांचे डॉक्टर आणि गणिताच्या बाई, सगळे निवृत्त. खड्यांना पैलू पाडायचा नाद तिघांनाही नोकरी संपता संपता लागला होता. खोलीत एक फिरत्या चकतीचं यंत्र, चकतीवर थेंब थेंब पाणी सोडणारा डबा, लाख वितळवायला स्पिरिटचा दिवा आणि भिंतीला टेकून एक लोखंडी कपाट. डॉक्टरांचा हात तिघांत सरस होता. बत्तीस दातांवर चाळीस वर्षं काढलेला माणूस, त्याला छत्तीस पैलूंचं काय? बाई कोन काढून द्यायच्या आणि चुकलं की वही परत करायच्या.

ह्या मंडळींचा एकच नियम होता. आधी काम दाखवायचं, मग दुखणं सांगायचं. एक खडा, एक दुखणं. सुरुवातीला हा नियम नव्हता, तेव्हा चार ते सहा फक्त गुडघे, रक्तदाब आणि पोट ह्यांचीच चर्चा व्हायची आणि यंत्रावर धूळ बसायची. नियम आल्यापासून खड्यांची संख्या दुप्पट झाली. वहिनी म्हणायच्या, "तुम्ही खडे पाडता ते दुखणी सांगायला मिळावीत म्हणून."

त्या शुक्रवारी वहिनी बाहेर पडल्या आणि मास्तरांनी बशीतलं लॉकेट टेबलावर आणून ठेवलं.

"हे बघा. आणि खरं सांगा."

बाईंनी भिंग लावलं. डॉक्टरांनी लावलं नाही. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जुनं काम आहे, मास्तर. राहू द्या. जुन्या कामाला हात लावू नये."

"मला दिसतंय आता, डॉक्टर. कसं राहू देऊ?"

बाई कोन मोजत होत्या. मोजता मोजता त्यांच्या भुवया वर गेल्या. "सगळे पैलू चुकलेत," त्या म्हणाल्या, "पण काय नेमके चुकलेत. हे तीन दीड अंशाने, ते तीन बरोबर दीडच अंशाने. मास्तर, तुमच्या हातून झालेलं हे एकमेव शिस्तीचं काम आहे."

डॉक्टरांना खोकला आला.

त्यानंतर डॉक्टरांनी जे केलं त्याचं दोघांनाही नवल वाटलं. बारा वर्षांत ह्या माणसाने स्वतःच्या दुखण्याचा चकार शब्द काढला नव्हता. त्यांचे सगळे हक्क शिल्लक पडले होते. आज त्यांनी खिशातून एक जुना खडा काढून टेबलावर ठेवला आणि "मला गुडघ्यांविषयी बोलायचंय" असं जाहीर केलं. आधी डावा, मग उजवा, मग जिने, मग जिन्यांचे कठडे. साडेचार वाजले, पावणेपाच वाजले. शेवटी बाई म्हणाल्या, "डॉक्टर, एका खड्यात दोन गुडघे बसत नाहीत. दुसरा पुढच्या शुक्रवारी."

मास्तरांनी तोवर पकडीने लॉकेटाच्या नख्या उचलून खडा सुटा केला होता. दिव्यावर लाख गरम करून त्यांनी तो पितळी दांडीच्या टोकाला चिकटवला. लाख पुरेशी तापली नव्हती हे डॉक्टरांना दिसत होतं, पण ते बोलले नाहीत. चिकटला नाही तर बरंच, असं त्यांच्या मनात होतं. मास्तरांनी यंत्र सुरू केलं, दांडी चकतीवर टेकवली, आणि टक् असा आवाज होऊन खडा नाहीसा झाला.

कपाटाच्या दिशेने काहीतरी वाजलं, ह्यावर तिघांचं एकमत झालं. पुढे काय करायचं ह्यावर मात्र होईना. मास्तरांना दिसत होतं, पण महिनाभर खाली वाकायची सक्त मनाई होती. बाईंना वाकता येत होतं, पण मान खाली केली की खोली गरगर फिरायची. आणि डॉक्टरांच्या गुडघ्यांविषयी पाऊण तास ऐकून झालंच होतं.

"साडेपाच वाजलेत," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ती आली आणि बशी रिकामी दिसली तर मी काय सांगू? ती एक वस्तू तिने कधी कपाटात ठेवली नाही हो."

हे ऐकून डॉक्टर उठले आणि, काय होईल ते होवो, म्हणून जमिनीवर बसले. दोन्ही गुडघे एकदम वाजले. बसल्यावर त्यांना कळलं की आता उठणं आपल्या हातात राहिलेलं नाही. बाईंनी वेगळा उपाय काढला. मान खाली करायची नाही ना, मग आडवंच व्हायचं. त्या सतरंजीवर पाठ टेकून सरळ झोपल्या आणि छताकडे बघत हुकूम देऊ लागल्या. "खोलीचे चार भाग करा. कपाटाखालचा पहिला." एकदा त्या चुकून कुशीवर वळल्या, तेव्हा खोली अशी फिरली की त्यांनी दोन्ही हातांनी जमीन धरून ठेवली. मास्तर भिंतीला पाठ लावून, मान ताठ ठेवून हळूहळू खाली घसरले आणि बॅटरीचा झोत धरून बसले.

डॉक्टरांनी खिशातला दात बघायचा छोटा आरसा काढला आणि फूटपट्टीला बांधून कपाटाखाली सरकवला. निवृत्तीनंतरही तो त्यांच्या खिशात असायचाच.

"आ करा," ते सवयीने कपाटाला म्हणाले. मग म्हणाले, "अगदी मागच्या कोपऱ्यात काहीतरी चमकतंय."

फूटपट्टीने ओढत ओढत त्यांनी ते बाहेर काढलं. धुळीच्या गोळ्यात एक जांभळा खडा होता. मास्तरांनी तो सदऱ्याला पुसला आणि बॅटरीसमोर धरला.

"अरे देवा. हा तर आणखी वाईट दिसतोय. पडून फुटला की काय?"

"इकडे द्या," बाई झोपल्या झोपल्या म्हणाल्या. त्यांनी तो डोळ्यासमोर धरून फिरवून फिरवून पाहिला. "मास्तर, हा तो नाहीच. त्याच्यात चुकांना शिस्त होती. ह्याच्यात काहीच नाही. मन मानेल तसा पाडलाय."

डॉक्टरांनी डोळे मिटले. नेमकी तेव्हाच दारात किल्ली फिरली.

वहिनी लवकर परतल्या होत्या. खांदा शेकणाऱ्या बाईंची स्वतःचीच पाठ धरली होती. त्या मागच्या खोलीत आल्या तेव्हा एक जण भिंतीला टेकून, एक जण सतरंजीवर उताणी आणि एक जण कपाटाशी बसकण मारून, अशी मंडळी जमिनीवर होती. कोणी उठलं नाही.

"काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही," मास्तर म्हणाले. "खडा पडला. तुझा." आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. त्या सकाळचा चहा, तो कललेला पैलू, ते ओरखडे. "एकोणीस वर्षं तुझ्या गळ्यात काय अडकवून ठेवलं होतं ते मला आत्ता दिसलं गं. मला लाज वाटली. म्हटलं, तुला कळायच्या आत नीट करून ठेवावा. तर हरवूनच बसलो. आणि हा कुठला भलताच सापडला."

वहिनींनी तो भलता खडा हातात घेतला. अंगठ्याने पुसला. मग त्या स्टुलावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांना रडायला कोणाची मनाई नव्हती.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "सांगू?"

"सांगा वहिनी. ह्या अवस्थेत मी पळून तर जाऊ शकत नाही."

वहिनींनी खडा टेबलावर ठेवला. "तुमच्याकडे नियम आहे ना? काम दाखवलं की दुखणं सांगायचं. हे ह्यांचं काम दाखवलं. आता माझं दुखणं ऐका. आठ वर्षांचं आहे."

आठ वर्षांपूर्वी ही खोली झाडून झाल्यावर लॉकेटातला खडा पडल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं. सगळं घर पालथं घातलं. मोरी उघडून घेतली. हे कपाट तेवढं हललं नाही. मास्तरांनी हौसेने पाडलेला पहिला खडा, तो हरवला हे त्यांना सांगायचं कोणत्या तोंडाने? रिकामं लॉकेट घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. मूळच्या जांभळ्या गोट्याचा अर्धा तुकडा मास्तरांनीच कधीकाळी डॉक्टरांना दिला होता. डॉक्टरांनी चार दिवसांत त्यातून खडा पाडून दिला.

"फार सुंदर होता," वहिनी म्हणाल्या. "मी परत केला. म्हटलं, हा ह्यांचा वाटत नाही."

"मग मी चुकवायला बसलो," डॉक्टर जमिनीवरून म्हणाले. "मास्तर, तुमच्यासारखं चुकणं सोपं नाही हो. माझा हात आपोआप सरळ जायचा. जुन्या फोटोवरून एकेक चूक मोजून घेतली. पाच तुकडे वाया गेले. तीन महिने लागले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तुम्ही आज चकतीला लावायला निघाला होता."

बाईंनी छताकडे बघत मान डोलावली आणि लगेच थांबवली. "तरीच दीड अंश," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी विचारलं, "म्हणजे माझा मूळचा खडा ह्या तुमच्या खड्यापेक्षाही वाईट होता?"

"पुष्कळ," डॉक्टर म्हणाले. "मला तेवढं जमलं नाही. प्रत्येकाला मर्यादा असते."

मास्तरांना हसू फुटलं. मग सगळेच हसले, बाई पोट धरून पण मान न हलवता. वहिनींनी डोळे पुसले, उठून यंत्रापाशी गेल्या आणि चकतीखालच्या ताटलीतल्या पाण्यात बोटं घातली. डॉक्टरांचा खडा तिथेच होता. "काही उडालं की आधी ताटलीत बघायचं, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?" काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून तिघंही जमिनीवर बसले होते.

"दे तो माझा," मास्तर म्हणाले. "आता मला दिसतंय. एकदा चकतीवर धरतो. निदान तो मधला पैलू तरी..."

वहिनींनी टेबलावरचा तो जुना खडा उचलून मूठ मिटली. "हात लावायचा नाही."

"अगं, पण तुला दिसत नाही का, किती वाकडा आहे?"

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजले होते, डोळ्यांत थेंब घालायची वेळ. त्यांनी औषधाची बाटली आणली, मास्तरांची मान भिंतीला टेकवली आणि डाव्या हाताने दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. मास्तरांच्या डोळ्यांसमोर कपाट, यंत्र, मित्र, सगळं विरघळून गेलं. मग वहिनींनी तो जुना खडा त्यांच्या चेहऱ्यासमोर खिडकीच्या उजेडात धरला. एक मऊ, जांभळा उजेड तेवढा दिसत होता. कड नाही, ओरखडा नाही.

"आता कसा दिसतोय?"

"छान दिसतोय," मास्तर म्हणाले.

"मला रोज असाच दिसायचा," वहिनी म्हणाल्या, आणि एवढ्या लोकांना एका खांद्याने कसं उठवायचं ह्याच्या विचाराला लागल्या.