बिनकणांची बशी

"चमकलं! अहो, चमकलं!" करत घाईबाई सूक्ष्मदर्शकासमोरून उठली ती थेट बाहेर पळाली. तिने तयार केलेले सूक्ष्म कण कर्करोगाच्या पेशींत शिरले होते आणि आतल्या आत पेशींना मारणारा ऑक्सिजन तयार करत होते. तसा ऑक्सिजन झाला की तिने घातलेला रंग हिरवा चमकतो, आणि तीन वर्षांत तो आज पहिल्यांदा चमकला होता. चार वाजता सर येऊन ठरवणार होते, हे काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं. एवढ्या आनंदात फोटो काढायचं कुणाला सुचतंय!

तीनच्या सुमारास अख्खा मजला रांगेत उभा होता.

"पेशी आणि रंग दोन्ही बशांत आहेत, पण कण या बशीत आहेत, त्या बशीत नाहीत. दोन्ही बघा, म्हणजे फरक कळेल," घाईबाई प्रत्येकाला तितक्याच हौसेने सांगत होती.

कार्यालयातल्या काकांनी चष्मा काढून बघितलं, मग घालून बघितलं. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम तर बिनकणांच्या बशीला चिकटूनच बसल्या.

"अगं, यात तर काळोख आहे."

"तोच बघायचाय, मॅडम!"

"असं होय? मग नीट बघते."

चारला सर आले आणि त्यांनी नेमकी तीच बशी आधी बघितली.

"ही पण हिरवीगार आहे की. कण नसताना?"

घाईबाईने झटकन दिवा बंद केला. सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर दिव्याखाली फार वेळ राहिला, तर तो रंग ऑक्सिजनशिवायही चमकतो, हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं.

"सर, लोकांनी बघून बघून बिघडवली!"

"म्हणजे दृष्ट लागली?"

"दिव्याची, सर!"

तिने सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कडी लावली आणि चंदेरी कागदात गुंडाळून ठेवलेली दुसरी जोडी आणली. या खेपेला आधी फोटो, मग सर.

"दोन सेकंद, सर. जास्त नाही."

पहिली, बिनकणांची बशी काळीकुट्ट. दुसरीत हिरवा उजेड मावत नव्हता. तिने दिवा बंद केला तरी सरांचा डोळा तिथेच.

"गुंडाळतंय कोण!" सर एकदम ओरडले. "चालू ठेव! दुप्पट जोरात चालू ठेव!" आणि कडी काढून ते बाहेर धावले. "अहो, चमकलं! या, या सगळे!"

घाईबाईने बशा पदराआड घेतल्या आणि सरांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

दोन मिनिटांनी हलकेच टकटक झाली.

"मी आहे," सर म्हणाले. "फोटो तरी दाखव."

"सर," मागून काकांचा आवाज आला, "रांगेने या."