उन्हातला आकडा

मयेकरांना ‘कसे आहात?’ विचारलं, की ते ‘बारा पॉइंट सहा’ म्हणायचे. भरलेल्या बॅटरीचे व्होल्ट, म्हणजे उत्तम. गुडघे दुखत असले तर ‘बारा दोन’. मरोळच्या कारखान्यात ते इलेक्ट्रिशियन होते, मी स्टोअरमध्ये. खिशात कायम मीटर. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, की वेळ विचारण्याआधी सेलचे व्होल्ट बघायचे.

रिटायर झाल्यावर त्यांनी मढला समुद्राकाठी एकट्यापुरती खोली घेतली आणि एक जुनी शिडाची होडी. इंजीन नव्हतंच. टपावर सोलर पॅनल, खाली बॅटरी, तिच्यावर वायरलेस, छोटा फ्रीज आणि डोलकाठीवरचा पिवळा बल्ब.

एका रविवारी त्यांनी मला मालाडहून बोलावून घेतलं. दुपारी, भर समुद्रात, मी मीटर वाचला. “तेरा आठ! झकास! फुल्ल आहे ना!”

“मेल्या, पॅनल आत्ता करंट ढकलतंय, म्हणून आकडा चढलाय. उन्हातला आकडा खोटा. पॅनल सोडव, बॅटरीला गप बसू दे, मग दाखवेल तो खरा.”

“मग बघितलात का?”

मयेकरांनी मीटर माझ्या हातातून काढून घेतला.

दुपारभर शिडाची सावली पॅनलवर पडत राहिली. संध्याकाळी वारा पडला. अंधारून आलं, दिवा लावला, तर तो मिणमिणायला लागला. मीटरवर अकरा आठ, म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. आणि समोरून एक ट्रॉलर, सरळ आमच्यावर. मयेकरांनी वायरलेसवर हाका मारल्या, उत्तर आलं नाही.

“वाट लागली,” मयेकर पुटपुटले. “फ्रीज! तुला गार पाणी मिळावं म्हणून सकाळपासून चालू ठेवला मी.”

त्यांनी फ्रीज बंद केला. मग वायरलेसही.

“अहो, तो कशाला? परत बोला ना त्यांच्याशी!”

“चारदा बोललो. कोण ऐकतंय? दिवा जगला पाहिजे.”

बल्ब थोडा उजळला. ट्रॉलरच्या इंजिनाची धडधड माझ्या छातीत जाणवायला लागली. मी मोबाइलचा टॉर्च हलवत ओरडत होतो. मयेकरांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बोटं बधिर झाली. ट्रॉलरचं नाक आमच्यापेक्षा उंच दिसायला लागलं आणि मी डोळे मिटले.

ते वळलं. लाटेनं होडी आडवी होता होता राहिली. खलाशांनी मनसोक्त शिव्या घातल्या, मग त्यांनीच दोर टाकून आम्हाला किनाऱ्यापर्यंत ओढत आणलं.

वाळूवर मयेकरांनी माझी पिशवी माझ्या हातात दिली. “घरी पोचलास की फोन कर,” एवढंच म्हणाले.

मी मालाडला पोचून फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

“पोचलास? बरं झालं.” मला वाटलं, आता फोन ठेवतील.

“जेवलास? काय केलंय आज घरी?”

मी सांगितलं. पलीकडे अगदी शांत होतं, भांड्याचासुद्धा आवाज नव्हता.

“बरं,” मयेकर म्हणाले. “आणखी काय?”

मी खुर्ची ओढून बसलो.