एडिटचा हक्क सगळ्यायले

गजभिये काकांकडे शिडी मागितली तर शिडी मिळत नाही, आधी लिंक मिळते. ती उघडायची. आत एक फॉर्म असतो: नाव, फ्लॅट नंबर, शिडी कशासाठी, कधीपर्यंत. तो भरला की मोबाइलवर कॅलेंडरचं आमंत्रण येतं, ‘शिडी नेणे’. पाठोपाठ दुसरं, ‘शिडी परत आणणे’. एवढं सगळं झालं की काका स्वतःच शिडी खांद्यावर टाकून येतात, कारण त्यांचं दार आमच्या दारासमोरच आहे. वर आपला पंखा पुसून होईपर्यंत शिडी धरून उभेही राहतात. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, मी समोरून हाक मारली असती तर काय बिघडलं असतं?"

"फुकट आहे वं बाई," काका म्हणाले. "वापराले काहून भ्यायचं?"

काका कळमेश्वरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. उभी नोकरी नट-बोल्ट मोजण्यात आणि कपाटांना कुलपं लावण्यात गेली. रिटायर होऊन शहराच्या टोकाला, बेसा भागात, आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि थोड्याच दिवसांत काकू गेल्या. मुलगी बंगळुरूला. घरात काका आणि कॉम्प्युटर. तेव्हापासून इंटरनेटवर जे जे फुकट मिळतं, ते काकांना ठाऊक नाही असं होत नाही. फायली जोडायची साइट वेगळी, त्यांचा आकार कमी करायची वेगळी, लग्नाचा व्हिडिओ पाठवायची वेगळी. या शेवटच्या साइटवर फाइल आठवडाभर राहते आणि मग आपोआप उडते. मात्र कुठे ‘पैसे भरा’ दिसलं, की काका चुकीच्या घरात शिरल्यासारखे तिथून बाहेर पडतात. "कार्ड मागून राहिला तो," म्हणतात, "चला, दुसरं पाहू."

आमच्या दूधवाल्यालाही त्यांनी कॅलेंडरवर घेतलंय. तो बिचारा रोज पहाटे ‘येणार’वर बोट दाबतो आणि मग येतो. माझ्या सासूबाईंचे सगळे रिपोर्ट काकांनी तारखेप्रमाणे लावून एकाच पीडीएफमध्ये बसवून दिले. डॉक्टर खूश झाले. सासूबाई नाराज, कारण पिशवीभर कागद घेऊन दवाखान्यात शिरण्यात जो आजारीपणाचा मान असतो, तो गेला. अजूनही काका समोर दिसले की त्या पदर सावरून म्हणतात, "माझं सगळं आयुष्य मोबाइलात कोंबलं या माणसानं."

पण काकांची खरी जहागीर म्हणजे टँकरची शीट. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी पुरत नाही, टँकर मागवावा लागतो. म्हणून काकांनी एक फुकटातला तक्ता केला. एका रांगेत दिवस, दुसऱ्या रांगेत नावं. ज्याचं नाव, त्यानं त्या दिवशी टँकरवाल्याला फोन करायचा आणि टाकी भरेपर्यंत पाइपाजवळ उभं राहायचं. शीट सगळ्यांना उघडी. कोणीही यावं, काहीही लिहावं. आणि लोक लिहायचेच. कोणी टिफिनची जाहिरात टाकली, कोणाच्या लेकीनं अख्खा मंगळवार गुलाबी केला, धोटे बाईंनी कडेच्या रकान्यात सांडग्यांचं प्रमाण लिहून ठेवलं. ते प्रमाण चांगलं आहे, मी करून पाहिलंय.

मी सोसायटीची सचिव. निवडीच्या मीटिंगला गैरहजर राहिले, म्हणून झाले. त्या अधिकारात मी काकांना सांगायचे की शीटला कुलूप लावा, फक्त आपण दोघांनी बदल करू. काका मान हलवायचे.

"उभी जिंदगी कुलपंच लावली वं मी. आता नाही लावत. एडिटचा हक्क सगळ्यायले. बिघडलंच तर मागचं परत आणता येते नं."

आणि मेमध्ये बिघडलं. कोणीतरी शीटमधली नावांची रांग अ-आ-इप्रमाणे लावली. दिवसांची रांग होती तिथेच राहिली. झालं, सगळ्यांच्या पाळ्या फिरल्या. शनिवारी ज्यांची पाळी होती, त्यांना शनिवारसमोर आपलं नाव दिसलं नाही, ते निवांत बसले. ज्यांचं नाव दिसत होतं, ते तर गावाला गेलेले. टँकर कोणीच बोलावला नाही. आणि नेमका त्याच शनिवारी नेवारेंच्या घरी मुलीचा साखरपुडा. पाहुण्यांनी भरलेलं घर, बाहेर ऊन असं की चप्पल चिकटावी, आणि टाक्या कोरड्या. नेवारे वहिनी नवी पैठणी नेसून शेजाऱ्यांकडे बादल्या मागत फिरत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. सगळेच तापलेले होते, आणि त्यांचं चूक नव्हतं. ठरलं असं की पैसे भरून सोसायटीचं ॲप घ्यायचं. त्यात सचिव पाळ्या भरणार, बाकीच्यांना फक्त मेसेज जाणार. शीट बंद. काका मागच्या खुर्चीवर होते. सगळं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "शीट ठेवा नं गा. मी कुलूप लावतो तिले, वाटल्यास."

"नको काका," नेवारे म्हणाले. "दोन ठिकाणी झालं की पुन्हा घोळ होते."

मला वाटलं, म्हातारा पैशांना अडतोय. फुकटची सवय लागली की असंच होतं, असंही मी घरी येऊन म्हटलं.

शीट कधी बंद करायची ते सांगायला मी दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. काका कॉम्प्युटरसमोर होते. "बस वं," म्हणाले. "आता मंडळी येतीन."

मला वाटलं पाहुणे यायचेत. मी उठायला लागले तर त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. शीट उघडी होती. वरच्या कोपऱ्यात एक निळा गोल उगवला, त्यात ‘ध’.

"धोटे बाई आल्या," काका म्हणाले. "कुकर लावला की येतात. लिहत काही नाही, पाहून जातात."

मग एक केशरी गोल आला. "हे चौथ्या मजल्यावरच्या सिस्टर. ड्युटीवर निघून राहिल्या." मग हिरवा. काका खुर्चीत सरळ झाले. "नेवारे. आज येतीन असं वाटलं नव्हतं मले."

तिघंही शीटमध्ये मिनिटभर थांबले असतील. मग एकेक गोल गेला. काका तिकडेच बघत बोलत होते.

"दार वाजवून कोणी येत नाही वं बाई. काम असल्याबिगर कोण कोणाकडे जाते आता? इथं येतात. मले समजते, सगळे घरी हायेत, बरे हायेत. कोणी दोन दिवस नाही आलं, तर मी खाली जाऊन त्याची गाडी पाहून येतो."

मला फार वाईट वाटलं. पण साखरपुड्याच्या घरातल्या रिकाम्या बादल्याही डोळ्यांसमोर होत्या. निरोप सांगायचा होता, तो सांगितला. रविवारपासून ॲप.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "लोकायले पाणी तर मिळालंच पाह्यजे." आणि मला ॲपमध्ये नावं पटकन कशी भरायची ते समजावून सांगत बसले.

ॲप उत्तम चालतं. ज्याची पाळी, त्याचा मोबाइल वाजतो, टँकर येतो, टाक्या भरतात. शीटमध्ये जायचं कोणाला कारणच उरलं नाही. सोमवारी संध्याकाळी मी भात टाकला आणि सहज जुनी लिंक उघडली. शीट काकांनी अजून बंद केली नव्हती. वर एकच गोल होता, ‘ग’. काका शीटमध्ये जिथे होते तिथे त्यांच्या रंगाचा चौकोन, मंगळवारवर स्थिर उभा. मला लिहायचं काहीच नव्हतं. मी बुधवारच्या रिकाम्या घरात जाऊन थांबले.

जरा वेळानं शेजारच्या घरात एकेक अक्षर उमटायला लागलं, एका बोटानं टाइप करणाऱ्याचं. ‘तुझी पाळी शुक्रवारी आहे वं. ॲपमध्ये पाहून घे.’

मी फोन ठेवला, भाताखालचा गॅस बारीक केला आणि समोरचं दार वाजवलं. काकांनी उघडायला वेळ लावला. चष्मा कपाळावर होता.

"काय पाह्यजे वं? शिडी?"

"काही नको," मी म्हटलं आणि आत जाऊन बसले.