तिकिटाच्या मानाने बरा

★★★☆☆
"किल्ला ठीक. भिंती खूप आहेत. तिकिटाच्या मानाने आणखी काहीतरी हवं होतं."

व्यवस्थापकाने हे मत सकाळच्या चहाबरोबर वाचलं आणि कप खाली ठेवला. किल्ल्यात भिंती नकोत तर काय असावं, हे त्याला कळेना. सहा वर्षं तो त्याच भिंतींमागे लागला होता. पडका किल्ला उभा करायचा म्हणून त्याने जुन्या खाणीतूनच दगड आणवला, चुना मळून घेतला, कारागिरांच्या मागे भुणभुण केली. किल्ला उभा राहिला, तिकीट दुप्पट झालं आणि लोक फोनवर मतं लिहू लागले.

★★☆☆☆
"अंधारकोठडीत फार अंधार आहे."

★★★★☆
"स्वच्छतागृह उत्तम. वेळ होता म्हणून किल्लाही पाहिला."

★★☆☆☆
"राणीच्या शयनगृहात राणी नाही. एवढं तिकीट घेता, एक बाई बसवायला काय होतं?"

"हसू नकोस," तो बायकोला म्हणाला.

"मी कुठे हसतेय? ठसका लागला."

हसण्यासारखं खरंच काही नव्हतं. किल्ल्याचा कारभार बघणाऱ्या मंडळाने सांगून टाकलं होतं की हंगाम संपेपर्यंत ताऱ्यांची सरासरी चारवर गेली नाही, तर किल्ला लग्नसमारंभांच्या कंत्राटदाराला द्यायचा. कंत्राटदाराने मोजमापंही घेऊन ठेवली होती. दरबारात जेवणाची टेबलं, बुरुजावर फोटोची कमान, अंधारकोठडीत नवऱ्यामुलाची खोली. व्यवस्थापकाला त्या योजनेत जागा नव्हती. असलीच तर गाड्या लावायच्या मैदानात.

"घरच्यांना सांगा ना लिहायला," बायको म्हणाली.

"नातेवाईकांनी मत द्यायचं नाही असा नियम आहे. पाटी मीच लावलीय."

"मग पाटीकडे पाठ करून सांगा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या घरात कौतुक करायची रीत नव्हती. प्रेम भरपूर होतं, पण ते नावं ठेवण्याच्या वाटेनेच बाहेर पडायचं. पन्नाशीला आलेल्या व्यवस्थापकाला घरात अजून 'ठोंब्या' म्हणत. "नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं," ही तिथली सर्वांत मोठी पदवी, आणि ती आजवर फक्त एका शेजाऱ्याला मिळाली होती, तीही तो गेल्यानंतर. हे सगळं ठाऊक असूनही व्यवस्थापकाने घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'किल्ल्याबद्दल चार शब्द चांगले लिहा. तारे हात सैल सोडून द्या.'

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. त्याने ओंडका मागवला आणि तो नेमका डोक्यात पडला.

★★★☆☆
"तिकिटाच्या मानाने बरा. हस्ताक्षर सुधारावे." हे थोरल्या बहिणीचं. ती शाळेत शिकवायची. हस्ताक्षर म्हणजे पाट्यांवरचं.

★★☆☆☆
"मी किल्ला पाहिलेला नाही. कुणी बोलावलंच नाही." हे आत्याचं.

★★★☆☆
"किल्ल्यामागे सहा वर्षं गेली, त्याचे तीन तारे. घरातल्या नळाला तेवढा वेळ दिला असता तर पाच दिले असते." हे कुणाचं, ते व्यवस्थापकाने ओळखलं आणि नळ दुरुस्त केला.

सरासरी आणखी खाली आली. त्याने बहिणीला फोन लावला.

"ताई, तीन?"

"तीन म्हणजे चांगले असतात, ठोंब्या. मी वर्गात पहिल्या आलेल्यालासुद्धा पैकीच्या पैकी देत नाही. तुला पाच दिले आणि उद्या याहून बरा किल्ला बघितला, तर त्याला काय देऊ?"

"तू दुसरा किल्ला बघणार आहेस?"

"जागा ठेवावी माणसाने."

आत्याचं म्हणणं सरळ होतं. न बघता दोन दिले, बघितल्यावर वाढतील, कदाचित. "आणि तुझ्या बाबांनाही ने. घरात बसून काज करत असतात."

व्यवस्थापकाचे वडील शिंपी होते. दुकान बंद केलं तरी अंगठा आणि तर्जनी रिकामी राहत नसत. जवळ येणाऱ्या माणसाची बाही ते आधी चिमटीत धरत, मग ख्यालीखुशाली विचारत. सहा वर्षांत ते किल्ल्यावर एकदाही आले नव्हते. "टाचण्या लावलेला कोट लोकांना दाखवायचा नसतो," ते म्हणायचे. "झाला की बघू." तो झाल्यावर मुलाने बोलावलं नाही. मंडळाची भीती वेगळी आणि बाबांच्या अंगठ्याची वेगळी.

शेवटी रविवारी सगळ्यांना न्यायचं ठरलं. अट एकच होती. "किल्ल्यात मला कुणी ओळख दाखवायची नाही. मंडळाचा माणूस कधीही येऊन उभा राहतो. मी तुमचा कोणी नाही."

"कोणीच नाही?" आत्याने विचारलं. तिच्या डोळ्यांत एक चमक आली. ती त्याने तेव्हाच ओळखायला हवी होती.

*

रविवारी दर तासाला उचलता पूल उचलून दाखवत. खंदकावरचा तो एकच रस्ता. लोक आत येऊन उभे राहत, साखळ्या खणखणत, पूल वर जाऊन दारासारखा बंद होई, टाळ्या पडत आणि पूल खाली येई. नूतनीकरणात व्यवस्थापकाचा जीव जर कशात असेल, तर या पुलात.

आत्याने चष्मा शोधायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून आपली लांब दांड्याची छत्री पुलाच्या साखळीला टेकवून ठेवली, आणि चष्मा सापडल्याच्या आनंदात ती तशीच आत आली. पूल उचलला गेला. छत्री घसरत घसरत बिजागरीत गेली. कट्ट असा आवाज झाला. टाळ्या पडल्या. पूल खाली येईना.

मोटर गुरगुरली, साखळ्या थरथरल्या, पूल जागचा हलला नाही. मिस्त्री सुट्टीवर, खंदकापलीकडे, आपल्या घरी. मागचं दार? मूळ किल्ल्याला मागचं दार नव्हतं. मध्यंतरी कुणीतरी भिंत फोडून काढलेलं एक होतं, ते व्यवस्थापकानेच हट्टाने बुजवून घेतलं होतं, मूळ रूप यावं म्हणून. मूळ रूप आलं होतं. आता शंभरेक माणसं त्या मूळ रूपात अडकली होती.

मिस्त्री फोनवर म्हणाला, "निघालोच." मागून भांड्यांचा आवाज आला. तो जेवायला बसत होता.

"अहो व्यवस्थापक," भर चौकातून आवाज आला. आत्या. "माझी छत्री मोडली तर कोण भरून देणार?"

"आत्... बाई, तुमची छत्री पुलात अडकलीय."

"मग पुलाला बघून चालायला नको?"

"हे व्यवस्थापक नवीन दिसतात," बहीण लोकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

"सहा वर्षं झाली मला, बाई."

"वाटत नाही."

बायकोची तर सोयच होती. घरातही 'अहो' आणि परक्यालाही 'अहो'. "अहो, ऐकलं का? तुमच्या घरी तरी दारं उघडतात का वेळेवर?" चौकात हशा पिकला. टोपी घातलेला एक गृहस्थ पायरीवर बसून सगळं शांतपणे ऐकत होता. व्यवस्थापकाने त्याच्याकडे बघून माफी मागितल्यासारखं हसून घेतलं. मग त्याने आत्याच्या पायांखाली स्टूल सरकवलं, कारण तिचे गुडघे त्याला ठाऊक होते. तिला उन्हातून सावलीत बसवलं आणि पहिला चहा तिला दिला.

"कोमट आहे," आत्या म्हणाली आणि सगळा प्यायली.

वडिलांनी मात्र कसलंच नाटक केलं नाही. गर्दीतून निघून ते भिंतीपाशी गेले. आधी लांबून पाहिलं, मग जवळून. मग अंगठा टेकवला आणि भिंतीच्या कडेकडेने चालू लागले. दरबार, जिना, बुरूज, असं करत ते दिसेनासे झाले. व्यवस्थापक एका डोळ्याने पूल बघत होता आणि दुसऱ्याने तो अंगठा.

*

★★★☆☆
"अडकलो. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून छतावरचं कोरीव काम नीट पाहिलं. चांगलं आहे."

★★★★☆
"अडकून पडण्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत."

★★☆☆☆
"छत्री वाकली. स्टूल डगमगतं. व्यवस्थापक स्वभावाने बरा वाटला, पण वाळलाय. घरी खायला देत नसावेत."

★★★☆☆
"या छत्रीवाल्या बाईंना सांगा, घरी दोन वेळा देतात."

*

दोन तासांनी मिस्त्री आला, छत्री निघाली, पूल खाली आला. माणसं घाई न करता बाहेर पडली. टोपीवाला गृहस्थ तेवढा मागे राहिला. तो मंडळाचा साहेब निघाला.

व्यवस्थापकाने त्याला आत नेलं. कचेरीत साहेबाने टोपी टेबलावर ठेवली आणि फोनवर मतं वाचत बसला.

"सरासरी चार नाही," साहेब म्हणाला.

"नाही."

"होईल असंही दिसत नाही. पण मी आज एक गोष्ट पाहिली. शंभर माणसं दोन तास कोंडली गेली आणि एकानेही तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. भांडले, हसले, भिंती बघत फिरले. आणि त्या म्हाताऱ्या बाईंनी तुमचा भर चौकात उद्धार केला, तरी तुम्ही त्यांच्या पायांखाली स्टूल ठेवलंत. कोण कुठली बाई."

"हो ना," व्यवस्थापक म्हणाला. "कोण कुठली."

"मी तुमच्या बाजूने लिहिणार आहे. मतं खरी आहेत, हे मुख्य. दुसऱ्या एका किल्ल्यावर सगळे पाचच्या पाच तारे होते. चौकशी केली तर सगळे भाचे आणि मेव्हणे. घरच्यांनी लिहिलेलं लपत नाही हो, फार गोड असतं. तुमचं कसं, वाचताना तोंड कडू होतं." साहेबाने फोन पुढे केला. "फक्त हे एक काढून टाका. आत्ताच आलंय."

★★★★★
"जुना दगड कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो, ते सगळीकडे अंगठा फिरवूनही कळलं नाही. शिवण दिसत नाही. काम करणाऱ्याने जीव लावला आहे."

नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. व्यवस्थापकाने ते एकदा वाचलं आणि मग खिडकीतून बाहेर पाहत राहिला, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

"सगळ्यांमध्ये हे एकटंच पाच ताऱ्यांचं," साहेब म्हणाला. "डोळ्यांत खुपतं. मंडळ म्हणेल, हे घरातलं. एक खोटं दिसलं की बाकीचीही खोटी धरतील आणि कंत्राटदार बाहेर बसलेलाच आहे. तुम्हाला पुसता येतं ना?"

येत होतं. एका बोटाचं काम होतं, पण वाईटातलं वाईट मतही त्याने आजवर पुसलं नव्हतं.

"राहू द्या," व्यवस्थापक म्हणाला.

"अहो, तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"एखाद्याला खरंच आवडला असेल."

साहेबाने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि टोपी घातली. "तुमची मर्जी. उद्या सकाळी बैठकीत सगळी मतं वाचली जातील. तोवर विचार करा."

*

रात्रीच्या जेवणाला सगळे होते. व्यवस्थापकाने घडलेलं सांगितलं. वाक्य कुठलं ते सांगितलं नाही, फक्त पाच तारे आणि ते पुसायला आपण दिलेला नकार.

"ठोंब्या तो ठोंब्याच," बहीण म्हणाली. "नोकरी घालवशील. आणि पाच दिले कुणी? मी नाही हं."

"माझ्याकडे बघू नका," आत्या म्हणाली. "मी छत्रीच्या दुःखात आहे."

"मी तर मुळीच नाही," बायको म्हणाली. "नळ पुन्हा गळतोय."

सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं. ते जेवत होते. त्यांनी गिऱ्हाइकाच्या बाहीची शिवण तपासावी तशी पोळीची कड चिमटीत धरून पाहिली.

"मीठ दे," ते म्हणाले.

व्यवस्थापकाने मीठ दिलं.

सकाळी तो लवकर उठला. बैठकीला जायचं म्हणून कोट काढला, तर त्याचं सैल झालेलं बटण घट्ट बसवलेलं होतं. वडील खिडकीपाशी चष्मा कपाळावर चढवून बसले होते. सुईदोरा बाजूला, फोन मांडीवर.

त्याने आपला फोन उघडला. ते मत तिथेच होतं. शिवणीचं वाक्य होतं, अंगठ्याचं होतं, जीव लावल्याचंही होतं. एक शब्द हलला नव्हता. खाली फक्त नवी ओळ आली होती, आणि वरचा एक तारा कापलेला होता.

★★★★☆
"चहा कोमट होता."

आता मंडळातल्या कुणालाही ते घरातलं वाटणार नव्हतं. घराबाहेरच्या कुणालाच नाही.

"निघतो, बाबा," तो म्हणाला.

वडिलांनी त्याची बाही चिमटीत धरली, सोडली. "पाठीमागे जरा सैल आहे," ते म्हणाले. "पण चालेल."